नव्या राष्ट्रीय सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांना नेतृत्व कसे शिकवावे : परदेशी नेमणुकीवर निघालेल्या प्रशिक्षकासाठी

भूतानमध्ये १९६२ पासून आणि आफ्रिकेतील लेसोथोमध्ये २००१ पासून भारतीय सैन्याची प्रशिक्षण पथके काम करीत आली आहेत. निवृत्तीनंतर मी खारघरला स्थायिक झाल्यापासून, अशा नेमणुकीवर निघालेले ठाणे-नवी मुंबई परिसरातील अधिकारी आणि सुभेदार निघण्यापूर्वी मला भेटायला येतात, कारण मीही एका मित्रराष्ट्रात अडीच वर्षे हेच काम केले आहे. त्यांच्याशी जे तोंडी बोलत आलो, ते येथे क्रमाने लिहीत आहे. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. तरुण अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यापासून लहान, खऱ्या आणि तपासता येतील अशा जबाबदाऱ्या दिल्या पाहिजेत, आणि त्या जबाबदारीचा हिशेब तो खरा देतो की नाही, हे सर्वांत आधी पाहिले पाहिजे. कवायत, नकाशावाचन, शस्त्रांची माहिती हे सर्व आवश्यकच आहे. पण ते शिकवण्याची पद्धत आपल्याला अंगवळणी पडलेली असते, म्हणून त्यावर मी फार लिहिणार नाही.

निघण्यापूर्वी : ते सैन्य कोठून आले?

नव्या राष्ट्राचे सैन्य क्वचितच कोऱ्या पाटीवर उभे राहते. कोठे ते वसाहतकाळातील पोलिसी पलटणींतून आलेले असते, कोठे मुक्तिलढ्यातील छापामार तुकड्यांतून, तर कोठे कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या दोन-तीन फौजा एकत्र करून ते घडवलेले असते. झिंबाब्वेमध्ये १९८० नंतर दोन मुक्तिसेना आणि जुनी ऱ्होडेशियन फौज एका गणवेशात आणावी लागली. नेपाळमध्ये २०१२ साली माजी माओवादी लढवय्यांपैकी काहींना राष्ट्रीय सैन्यात सामावून घेतले गेले. अशा ठिकाणी एकाच वर्गात बसलेल्या दोन लेफ्टनंटांच्या मनात दोन वेगळे इतिहास असतात. ते ठाऊक नसलेला प्रशिक्षक निरागसपणे दिलेल्या एखाद्या उदाहरणानेही अर्धा वर्ग गमावून बसतो.

याबाबतीत कांगोचे उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो. ३० जून १९६० रोजी कांगो स्वतंत्र झाला, तेव्हा सुमारे पंचवीस हजारांच्या तेथील फौजेत एकही कांगोली अधिकारी नव्हता. बेल्जियन सेनापती जान्सेन यांनी फळ्यावर लिहून दाखवले की स्वातंत्र्यापूर्वी जे होते तेच स्वातंत्र्यानंतरही राहील, आणि स्वातंत्र्याला आठवडा होण्याच्या आतच फौजेने बंड केले. त्यानंतर सार्जंट दर्जाच्या माणसांना एका फटक्यात मोठ्या हुद्द्यांवर बसवावे लागले. अधिकारी घडवण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ आधी दिला नाही तर नंतर कोणीही विकत देत नाही.

आपल्याकडे तो वेळ काही प्रमाणात मिळाला. डेहराडूनच्या सैनिकी अकादमीत १ ऑक्टोबर १९३२ रोजी चाळीस छात्रांची पहिली तुकडी प्रशिक्षणास बसली. त्या एका तुकडीतून सॅम माणेकशा, पाकिस्तानचे मुहम्मद मूसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन असे तीन देशांच्या सैन्यांचे प्रमुख निघाले. एका वर्गात शिकवलेली गोष्ट किती दूरवर आणि किती वेगळ्या ध्वजांखाली पोहोचू शकते, याचे भान प्रशिक्षकाने ठेवावे, म्हणून हे सांगितले.

निघण्यापूर्वी ज्या बाबींची माहिती काढावी त्यांत पगार कोणत्या मार्गाने आणि कोणत्या तारखेला पोहोचतो, सैनिक किती भाषा बोलतात, हवालदारांच्या दर्जाची, म्हणजे साधा सैनिक आणि अधिकारी यांच्या मधली, माणसे कोणत्या अनुभवाची आहेत, आणि अधिकाऱ्यांचे शालेय शिक्षण कोणत्या भाषेत झाले आहे, या चार बाबींना मी सर्वांत वर ठेवतो. शस्त्रसाठ्याची यादी यानंतर पाहिली तरी चालते.

दुभाष्याबरोबर काम करण्याची तालीम

ही तालीम येथेच करून जावी. मी भेटायला आलेल्या अधिकाऱ्याला मराठीतून बोलायला लावतो, आणि वाशीतील एक निवृत्त शिक्षिका ते शेजारी बसलेल्यांना मल्याळममध्ये सांगतात. पहिल्या दहा मिनिटांतच बहुतेकांच्या लक्षात येते की आपण दोन-दोन मिनिटे अखंड बोलतो आणि दुभाष्याच्या हाती त्यातले निम्मेच लागते. एका दमात एक विधान करावे, सर्वनामांऐवजी नावे घ्यावीत, म्हणी आणि विनोद टाळावेत, आणि बोलताना नजर दुभाष्याकडे न ठेवता ज्याला सांगायचे आहे त्याच्याकडे ठेवावी. सूचना समजली का, असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी होकारार्थीच येते. समोरच्याला ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावावे.

मराठा लाइट इन्फंट्रीत इतर राज्यांतून आलेला अधिकारीही आपल्या जवानांची मराठी शिकतो. परदेशात गेल्यावर आपणही त्यांच्या भाषेतील शंभर-दीडशे शब्द पहिल्या महिन्यात शिकावेत. त्यांत आदेशाच्या शब्दांपेक्षा घर, आई, जेवण, आजार, पाऊस, रजा हे शब्द आधी असावेत.

पहिली पायरी : बराकीत राहणे

आपल्या अनेक पलटणींत नवा लेफ्टनंट सुरुवातीचे काही आठवडे जवानांबरोबर राहतो, त्यांच्याबरोबर लंगरमध्ये जेवतो, त्यांच्याबरोबर पीटी आणि पहारा करतो. ज्या समाजात शिकलेला मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा एका पंक्तीला बसत नाहीत, तेथे ही पायरी कठीण जाते, आणि तेथेच तिची गरज सर्वाधिक असते. मी तीन आठवडे ठेवले होते. त्या काळात अधिकाऱ्याला कोणताही आदेश देण्याचा अधिकार नव्हता; केवळ पाहणे, विचारणे आणि वहीत लिहिणे एवढेच काम होते.

वहीत प्लाटूनमधील, म्हणजे सुमारे तीस जणांच्या तुकडीतील, प्रत्येक सैनिकासाठी एक पान असावे. त्यावर त्याचे पूर्ण नाव, गाव, मातृभाषा, घरातील माणसे, शेवटची रजा, शेवटचा पगार प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख, आजार आणि बुटांचे माप लिहावे. बुटांचे माप ऐकून नवे प्रशिक्षक आश्चर्यचकित होतात. मी गेलो होतो तेथे एकाच मापाची खेप आली होती, आणि निम्मे प्लाटून बोटांवर फोड घेऊन चालत होते. त्यांच्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वही बाजूला ठेवून त्याला तीस जणांची माहिती तोंडी सांगायला लावावी. पंचवीस जणांपर्यंत जो पोहोचतो त्याला पुढे जाऊ द्यावे. जो पोहोचत नाही त्याने आणखी एक आठवडा बराकीतच राहावे. यात अपमान नाही, हे त्याला आणि इतरांनाही स्पष्ट सांगावे.

दुसरी पायरी : पगार, जेवण, रजा

नेतृत्वाचा अभ्यास म्हटला की युद्धाच्या कथा डोळ्यांसमोर येतात, पण नव्या सैन्यांची पडझड पुष्कळदा पगाराच्या आणि बढतीच्या प्रश्नावरून झाली आहे. जानेवारी १९६४ मध्ये टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग), युगांडा आणि केनिया या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या तिन्ही देशांत सैनिकांनी उठाव केला. कमी पगार आणि अजूनही वरच्या जागांवर बसलेले ब्रिटिश अधिकारी, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. टांगानिकाने त्यानंतर जुनी पलटण विसर्जित करून नव्याने सैन्य उभे केले.

म्हणून तरुण अधिकाऱ्याला पगारवाटपाच्या टेबलाशी बसवावे. रक्कम त्याने स्वतः मोजावी, सही किंवा अंगठा त्याच्यासमोर व्हावा, आणि कमी पडलेल्या रकमेचे कारण त्याने त्याच दिवशी लेखी विचारावे. आठवड्यातून एकदा त्याने लंगरमधील कोरडा शिधा तोलून पाहावा, शेवटच्या सैनिकाचे ताट भरल्यावरच स्वतः जेवावे, आणि रजेची यादी भिंतीवर लावावी, म्हणजे कोणाची पाळी कोणी ओलांडली हे सर्वांना दिसेल. भारतातील तेव्हाचे ब्रिटिश सरसेनापती चेटवुड यांनी १९३२ साली डेहराडूनला सांगितलेला क्रम, म्हणजे आधी देश, मग आपली माणसे आणि सर्वांत शेवटी आपण स्वतः, हा आपल्याकडे प्रत्येक छात्राला पाठ असतो. तो दुसऱ्या देशाला आपले घोषवाक्य म्हणून देऊ नये. लंगरच्या रांगेत तो त्यांना दिसू द्यावा, आणि त्याचे शब्द त्यांच्या भाषेत त्यांनाच शोधू द्यावेत.

तिसरी पायरी : अधिकारी आणि हवालदार यांची जोडी

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ मागणारी पायरी हीच. आपल्या सैन्यात तरुण अधिकाऱ्याच्या मागे वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेला सुभेदार असतो. साहेबांची चूक तो चारचौघांत न दाखवता अलगद सावरून घेतो, आणि आपण त्याला इतके गृहीत धरतो की तो नसेल तर काय होईल याचा विचारच करीत नाही. नव्या सैन्यात हा माणूस बहुधा नसतो. असला तर तो जुन्या राजवटीतला म्हणून संशयित असतो, किंवा छापामार तुकडीत तोच सेनापती होता आणि आता त्याच्या मुलाच्या वयाचा लेफ्टनंट त्याच्या डोक्यावर बसवला गेलेला असतो.

अशा वेळी तरुण अधिकारी दोन प्रकारे चुकतो. एक तर तो हवालदाराचे अधिकार स्वतःकडे ओढून घेतो आणि बिछान्याच्या घड्याही स्वतःच तपासत बसतो, किंवा सर्व काही हवालदारावर सोडून स्वतः कागदी अधिकारी होतो. दोघांना वेगवेगळे शिकवून हे सुटत नाही. त्यांना एकत्र वर्गात बसवावे. कोणते निर्णय अधिकाऱ्याचे, कोणते हवालदाराचे आणि कोणते दोघांनी बोलून घ्यायचे, याची यादी त्यांनाच करू द्यावी. आपण ती तयार देऊ नये, कारण भांडण यादी करतानाच बाहेर येते, आणि ते आपल्यासमोर आले तर बरे. त्यानंतर रोज संध्याकाळी वीस मिनिटे त्या दोघांनीच भेटावे, उद्याचे काम ठरवावे, आणि प्रशिक्षकाने त्या भेटीला मुद्दाम जाऊ नये.

आमच्याकडे एक वयस्क हवालदार महिनाभर एक शब्द बोलत नव्हता. त्याच्या लेफ्टनंटाने एके दिवशी त्याला एवढेच विचारले, “काका, तुम्ही माझ्या जागी असता तर ही चौकी कोठे लावली असती?” त्यांच्या भाषेत वडीलधाऱ्यासाठी जो शब्द आहे तोच त्याने वापरला होता. हवालदाराने काठीने जमिनीवर नकाशा काढला, आणि त्या दिवसापासून ते प्लाटून एक झाले. हुद्दा आणि वय यांचा मान एकाच वेळी कसा राखायचा, हे त्या समाजाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

चौथी पायरी : आदेश देणे

आदेशाची पाच कलमे सर्वत्र शिकवली जातात : परिस्थिती, काम, पद्धत, रसद व प्रशासन, आणि कमान व संपर्क. यांतील काम हे कलम एका वाक्यात आणि दोनदा सांगावे. या वाक्यात ते काम कशासाठी करायचे आहे हेही असलेच पाहिजे, कारण संपर्क तुटल्यावर हवालदाराला त्या कारणावरूनच पुढचे ठरवावे लागते. वेळेचा नियमही आधीच रुजवावा. दुपारी बाराला आदेश मिळाला आणि संध्याकाळी सहाला निघायचे असेल, तर त्या सहा तासांपैकी अधिकाऱ्याने स्वतःच्या विचाराला आणि तयारीला दोन तासच घ्यावेत, आणि उरलेले चार तास खालच्यांना द्यावेत. नवे अधिकारी सुंदर आदेश लिहिण्यात पाच तास घालवतात आणि सैनिक अंधारात, तयारीविना निघतात.

याची तालीम मी पारसिकच्या टेकडीवर घेतो. तेथून ठाण्याची खाडी, ऐरोलीचा पूल, ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यालगतचा औद्योगिक पट्टा एका नजरेत येतो. तीस माणसांना पहाटेपूर्वी बेलापूरहून घणसोलीपर्यंत मुख्य रस्ता टाळून पायी आणायचे आहे, असे काम मी देतो आणि तयारीला चाळीस मिनिटे देतो. पाणी कोठे भरणार, घोटा मुरगळलेल्या माणसाला कोण उचलणार, भरती किती वाजता आहे, खाडीकाठच्या चिखलात एक किलोमीटरला किती वेळ लागेल, हे प्रश्न त्यांनी स्वतः विचारले नाहीत तर मी विचारतो. भरतीच्या वेळा न पाहता खाडीकाठचा मार्ग सांगणारे अनुभवी अधिकारीही मी पाहिले आहेत. परक्या देशात नदीला पूर केव्हा येतो आणि कोणत्या रस्त्यावर बाजाराच्या दिवशी गर्दी होते, हे तेथील सैनिकांनाच विचारावे लागते, याची सवय येथे लागते.

पाचवी पायरी : अपुऱ्या माहितीवर निर्णय

भूभागाच्या वाळूत रचलेल्या प्रतिकृतीभोवती अधिकाऱ्यांना उभे करावे, निम्मीच माहिती द्यावी आणि दहा मिनिटांत निर्णय मागावा. निर्णय बरोबर की चूक हे लगेच सांगू नये. काय दिसले, त्यावरून काय वाटले, काय ठरवले आणि कोणती गोष्ट वेगळी निघाली तर निर्णय बदलाल, हे चार प्रश्न विचारावेत. चर्चेत सर्वांत कनिष्ठाने प्रथम बोलावे, कारण वरिष्ठ आधी बोलला की पुढचे सर्वजण त्याचेच मत वेगळ्या शब्दांत सांगतात. मोठ्यांसमोर बोलू नये अशी शिकवण असलेल्या समाजात हे पहिल्या दिवशी होत नाही. तेव्हा मते चिठ्ठीवर लिहून घ्यावीत आणि स्वतः वाचून दाखवावीत.

सहावी पायरी : खरा अहवाल

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्रीच्या गस्तीवर असताना, पाऊस आणि धुक्यात ठरलेल्या नाल्याच्या अलीकडेच मी थांबलो आणि वायरलेसवर नाल्यापर्यंत पोहोचलो असे कळवले. परत आल्यावर समजले की त्या माहितीवर विसंबून पहाटे दुसरी तुकडी त्याच वाटेने जाणार होती. मी कंपनी कमांडरसाहेबांना उठवून खरे सांगितले. त्यांनी प्रथम ती तुकडी थांबवली, मग उजाडल्यावर मला बरोबर घेऊन ते स्वतः त्या नाल्यापर्यंत चालत आले, आणि तेथे उभे राहून मला वायरलेसवर योग्य ठिकाण कळवायला लावले. त्या दिवशी ते मला रागावले असते, तर कदाचित पुढच्या वेळी मी गप्प बसलो असतो.

नव्या सैन्यात खोटा अहवाल बहुधा भीतीतून येतो. वरिष्ठ वाईट बातमी आणणाऱ्यालाच शिक्षा करतात, म्हणून आकडे वरच्या दिशेने जाताना सुधारत जातात आणि मुख्यालयात सर्व गाड्या चालू अवस्थेत असतात. हे केवळ उपदेशाने जात नाही. गोदामाच्या नोंदवहीत वीस जेरीकॅन लिहावेत, प्रत्यक्षात अठरा ठेवावेत, आणि ताबा घेणारा अधिकारी काय सही करतो ते पाहावे. जो फरक कळवतो त्याचे नाव सर्वांसमोर घ्यावे. जो डोळे झाकून सही करतो त्याला एकांतात विचारावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यालाच ताबा द्यावा. अभ्यासक्रमातील कोणत्याही चुकीला गुण कापले तरी चालतील, पण स्वतःहून सांगितलेल्या चुकीला कापू नयेत. तेथील वरिष्ठ अधिकाऱ्यांशी याबद्दल आधी स्पष्ट बोलून घ्यावे. त्यांची संमती नसेल तर प्रशिक्षण संपताच तरुण अधिकारी पुन्हा जुन्या वाटेला लागतात.

सातवी पायरी : नागरिकांशी वागणे

१९४९ चे चार जिनिव्हा करार तोंडपाठ करून घेण्यापेक्षा प्रसंग उभे करावेत : तपासणी नाक्यावर आजारी मुलाला घेऊन आलेली बाई, शरण आलेला जखमी, झडतीत सापडलेले पैसे. प्रत्येक प्रसंगात अधिकाऱ्याने सैनिकांना नेमके कोणते शब्द सांगितले हे लिहून घ्यावे, कारण संदिग्ध आदेशाचा अर्थ थकलेला आणि घाबरलेला सैनिक सर्वांत वाईट तोच लावतो.

आपल्याकडचे एक उदाहरण मी परदेशातही सांगितले आणि ते तेथे फार मन लावून ऐकले गेले. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेल्या पत्रात पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळू नका, नाहीतर पुढे घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असे बजावले आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारकाईपर्यंत ते पत्र उतरते. रसद संपली की सैनिक रयतेवर उतरतो, आणि हे छावणीतील कनिष्ठ अंमलदाराच्या पातळीवरच रोखावे लागते, हा धडा त्यात आहे. ऐकणाऱ्या एका कॅप्टनने दुसऱ्या दिवशी आपल्या पलटणीच्या धान्यकोठाराची पाहणी केली आणि तेथे ठेवलेले रॉकेलचे कंदील हलवले.

ज्यांना हे येथेच जागेवर समजून घ्यायचे असेल त्यांनी ठाण्याच्या किल्ल्याचा इतिहास पाहावा, जेथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. १७३७ साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हा जाचाला कंटाळलेल्या स्थानिक लोकांची साथ निर्णायक ठरली. ज्या फौजेला गावकरी वाट दाखवतात आणि ज्या फौजेपासून लपवतात, त्यांतील अंतर तटबंदीने भरून निघत नाही.

पारख आणि हस्तांतरण

अखेरची पारख अधिकाऱ्याला पाहून करू नये. त्याला तीन दिवस प्लाटूनपासून दूर पाठवावे, मुख्यालयात काही काम द्यावे, आणि त्या काळात प्लाटूनला एक अवघड काम द्यावे. जेवण वेळेवर झाले का, पहारे बदलले का, हवालदाराने निर्णय घेतले का, एखादी चूक झाली तर ती लपवली गेली का, हे पाहावे. जे प्लाटून अधिकारी नसताना ढासळते, त्याचा अधिकारी परेडवर कितीही चमकला तरी त्याला अजून वेळ हवा आहे.

आपले स्वतःचे काम कमी करत जाण्याचे वेळापत्रक पहिल्याच महिन्यात लिहून ठेवावे. पहिली तुकडी आपण शिकवावी आणि त्यांचे दोन-तीन चांगले अधिकारी साहाय्यक म्हणून घ्यावेत. दुसऱ्या तुकडीत निम्मे वर्ग त्यांनी घ्यावेत आणि आपण मागच्या बाकावर बसावे. तिसऱ्या तुकडीत विचारले तरच बोलावे. धड्यांच्या टिपा त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच हस्ताक्षरात असाव्यात, उदाहरणे त्यांच्या डोंगर-नद्यांची असावीत. मी निघालो त्या दिवशी वाळूच्या प्रतिकृतीच्या खोलीची किल्ली त्या वयस्क हवालदाराकडे दिली. त्याने आत जाऊन आमची जुनी प्रतिकृती मोडली आणि त्यांच्या सरहद्दीवरची, त्याला पावलापावलाने ठाऊक असलेली खिंड तेथे रचायला घेतली.